गाडी आकसते, निसर्ग आकसत नाही

मुंबई ते पुणे हे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर. ते ८७ पटींनी लहान केले तर किती उरेल? तब्बल २.२ किलोमीटर! म्हणजे सीएसएमटीचा फलाट तुमच्या दिवाणखान्यात मांडला, तर पुणे स्टेशन गाठायला अर्धा तास पायपीट करावी लागेल. बरे, सगळा मार्ग सोडून द्या, नुसती गाडी घ्या. २२ एलएचबी डबे आणि इंजिन मिळून साडेपाचशे मीटर होतात. ८७ने भागले तरी सव्वासहा मीटर. एवढी सलग मोकळी भिंत कुणाच्या घरात आहे?

आणि तरीही जगभरचे हौशी लोक चार-पाच फुटांच्या फळीवर रेल्वे उभी करतात. ती बघताना क्षणभर आपण खऱ्या पुलावरून खाली वाकून पाहतोय असे वाटते. हे जमते कसे?

आधी या ८७चा हिशेब पाहू. छोट्या रेल्वेचे सर्वांत लोकप्रिय माप म्हणजे ‘एचओ’, प्रमाण १:८७. यात एलएचबी डबा २७-२८ सेंटिमीटरचा होतो आणि फलाटावरचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याहून लहान ‘एन’, प्रमाण १:१६०, रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर. आणि १९७२ मध्ये मर्क्लिन या जर्मन कंपनीने ‘झेड’ आणले, प्रमाण १:२२०. त्याचे रूळ एकमेकांपासून अवघ्या साडेसहा मिलिमीटरवर! त्यावरून इंजिन धावते, आणि त्या इंजिनात खरी मोटर असते.

इथे भारतीय हौशी माणसापुढे एक गमतीदार पेच उभा राहतो. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ने भागा, उत्तर येते १९.३. म्हणजे एचओ रुळांवर धावणारी आपली राजधानी एक्स्प्रेस जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभी असते. डोळ्याला कळते का? बहुतेकांना नाही.

पण हाच पेच उलटा फिरवला की लॉटरी लागते. नेरळ-माथेरान गाडी दोन फुटी गेजची, म्हणजे ६१० मिलिमीटर. तिला ब्रिटिश लोकांच्या लाडक्या १:७६ प्रमाणात आणा, आठ मिलिमीटर होतात. बाजारात मिळणारे ‘एन’चे रूळ नऊ मिलिमीटरचे. एका मिलिमीटरकडे काणाडोळा केला की झाले. रूळ तेच, पण त्यावर १:७६ची गाडी, घरे, झाडे, माणसे ठेवली की मेन लाइनची डोंगरी गाडी झाली! या रुळांवर नऊ इंची त्रिज्येचे वळण सहज घेता येते, आणि ते खऱ्या जगात साडेसतरा मीटरचे ठरते. डोंगरी रेल्वेला शोभेल असेच. उलट खऱ्या ब्रॉडगेजचे सर्वांत तीव्र वळण, १७५ मीटर त्रिज्येचे, एचओमध्ये प्रामाणिकपणे काढायचे तर अर्धवर्तुळालाच चार मीटर रुंदी लागते. म्हणूनच छोट्या लेआउटवाले अवास्तव तीव्र वळणाला बोगद्यात किंवा इमारतींमागे लपवतात, नाहीतर डोंगरी गाडीच्या प्रेमात पडतात.

इथपर्यंत नुसता भागाकार होता. खरे आश्चर्य पुढे आहे. गाडी, डबे, घरे सगळे लहान करता येते. निसर्गाचे नियम मात्र लहान होत नाहीत. गुरुत्वाकर्षण, पाणी, काळ, प्रकाश यांतले कुणीही १:८७च्या फळीवर आकसून यायला तयार नाही.

वजनच घ्या. लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन घटते ८७ × ८७ × ८७ पटींनी, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक! १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ इंजिन १८७ ग्रॅमवर येते. चाळीस टनांचा डबा साठ ग्रॅमवर. इतका हलका डबा रुळांच्या पहिल्याच सांध्यावर उसळून खाली उतरेल. म्हणून अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने वजनाचा एक ठोकताळाच घालून दिला आहे. त्याप्रमाणे त्या डब्याचे वजन १८० ग्रॅमच्या आसपास हवे, हिशेबाच्या तिप्पट. डब्याच्या पोटात गुपचूप धातूच्या पट्ट्या चिकटवल्या की तो खऱ्यासारखा संथ, जड डुलतो. खरे दिसायचे तर हिशेब मोडावा लागतो!

या वजनाचा आणखी एक उपयोग आहे. इंजिनाला वीज मिळते ती रुळांतून, चाकांमार्फत. एक रूळ धन, दुसरा ऋण, मध्ये १२ व्होल्ट. डावी-उजवी चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली. ध्रुव बदलले की गाडी उलटी धावते. धुळीच्या एका कणाने संपर्क तुटू शकतो, तिथे चार ग्रॅम जास्त वजनही कामाला येते. पण मग एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळी कशी चालवायची? दोघांनाही तीच वीज मिळणार ना? १९९०च्या दशकात यावर सर्वमान्य तोडगा निघाला, ‘डीसीसी’. रुळांत व्होल्टेज कायम ठेवायचे आणि त्याची दिशा अतिवेगाने उलटसुलट करायची. दर वेळी ५८ मायक्रोसेकंदांनी उलटली तर तो ‘एक’, शंभर किंवा अधिक लागले तर ‘शून्य’. प्रत्येक इंजिनातली चिप हे एक-शून्य वाचते, आपला क्रमांक आला तरच हुकूम मानते. धातूच्या दोन पट्ट्या एकाच वेळी वीजवाहिनीही आणि तारयंत्रही!

आता पाणी. खऱ्या रुळांखालच्या खडीचा ५० मिलिमीटरचा दगड एचओमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा होतो, म्हणजे चाळलेली वाळू. ती स्लीपरमध्ये कोरडी पसरायची, कुंचल्याने एकेक दाणा रुळावरून खाली लोटायचा, आणि पाण्यात पातळ केलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचे. सोपे वाटते? सोडून पाहा. थेंब वाळूवर मोत्यासारखा गोल बसून राहतो, मग घरंगळतो आणि दाण्यांना सोबत घेऊन खड्डा पाडतो. पाण्याचा पृष्ठताण १:८७ झालेला नाही! उपाय मोरीत आहे: भांड्याच्या साबणाचा एक थेंब. तो मिसळताच पृष्ठताण मोडतो आणि दुधाळ द्रव दाण्यांच्या फटींतून बघता बघता दिसेनासा होतो. सकाळी खडी दगडासारखी घट्ट, आणि गोंदाचा मागमूसही नाही.

गवताची गोष्ट तर याहून अद्भुत. दोन ते सहा मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू नुसते गोंदावर टाकले तर आडवे पडतात, केर सांडल्यासारखे दिसतात. उभे कसे करायचे? तंतू धातूच्या चाळणीत भरायचे, चाळणीला काही हजार व्होल्टचा भार द्यायचा, आणि दुसरी तार ओल्या गोंदात टोचलेल्या खिळ्याला जोडायची. चाळणी हलवली की प्रत्येक तंतू विद्युतक्षेत्राच्या रेषेत सरळ होऊन भाल्यासारखा गोंदात रुततो. सगळ्यांवर एकच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलत अंतर राखून उभे राहतात. कोरड्या केसांतून फिरवलेल्या कंगव्याकडे कागदाचे कपटे झेपावतात, तोच हा खेळ. काही सेकंदांत उतारावर पावसाळी घाट उगवतो.

प्रकाशही फसवावा लागतो. खरे इंजिन आपण दुरून बघतो, मधली हवा त्याचा रंग फिका करते. मॉडेल दोन फुटांवर असते, म्हणून अस्सल काळा रंग त्यावर खेळण्यासारखा ठसठशीत दिसतो. जाणकार काळ्याऐवजी गडद करडा लावतात. रुळांच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग आणि माथा लखलखीत ठेवला की जाडे रूळही बारीक भासतात.

उरला काळ. ताशी १०० किलोमीटरची गाडी एचओमध्ये सेकंदाला ३२ सेंटिमीटर धावते. दोन मीटरची फळी सहा सेकंदांत संपली, खेळ खलास! पण शंटिंगचे इंजिन ताशी दहाने चालते. तीच फळी ओलांडायला त्याला मिनिटभर लागते. वेग कमी केला की जागा आपोआप वाढते. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश गृहस्थाच्या ‘इंगलनूक’ आराखड्याचे मर्म हेच. गाडी वळवणारे दोन सांधे, तीन फाटे. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, बाकीच्यांवर तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. किती वेगवेगळ्या गाड्या संभवतात? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०. रोज एक लावली तरी अठरा वर्षे पुरेल इतका खेळ, जेमतेम पाच फुटांत!

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. एकदा जाऊन या, मुलांनाही घेऊन जा. आणि परतल्यावर सव्वासहा मीटरच्या भिंतीची वाट बघत बसू नका. एक फळी, दोन सांधे आणि आठ वाघिणींपासून सुरुवात करा.