व्यसन, चोरी आणि कायद्याचे कलम : गिरणगावाच्या संदर्भात एक विवेचन

परळ, लालबाग, दादर या पट्ट्यात ‘गर्दुल्ला’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अर्थात अशुद्ध हेरॉईन, ओढणारा तो गर्दुल्ला. बोलीत मात्र या एकाच शब्दाला व्यसनी आणि भुरटा चोर असे दोन अर्थ चिकटले आहेत. या दोन अर्थांचा मेळ कायद्याने कसा घातला आहे, किंवा घातलेला नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्याच दशकात मुंबईत गर्द पसरला. संपामुळेच व्यसन वाढले असे सरसकट विधान करणे मात्र धाडसाचे ठरेल; अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकातील व्यसनी सुस्थितीतल्या घरांतूनही आलेले आहेत. फरक पडतो तो पैशाच्या मार्गात. घरात पगार येत असेल तर व्यसनी आधी घरातच चोरी करतो. तो आधार नसेल तर पदपथावरची मोटारसायकल, लोकलच्या दारात उभ्या प्रवाशाच्या हातातला मोबाईल, गटाराचे लोखंडी झाकण यांकडे त्याची दृष्टी लवकर वळते.

अमेरिकन अभ्यासक पॉल गोल्डस्टीन यांनी १९८५ मध्ये अमली पदार्थ आणि हिंसा यांच्या संबंधाचे त्रिविध वर्गीकरण मांडले : नशेच्या अमलाखाली घडणारी, नशेसाठी पैसा मिळवताना घडणारी आणि अवैध व्यापाराच्या अंतर्गत संघर्षातून उद्भवणारी. वरील भुरट्या चोऱ्या दुसऱ्या वर्गाला जवळच्या आहेत.

योगायोग असा की त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, भारतात एनडीपीएस कायदा अमलात आला. पूर्वीच्या कायद्यातील कमाल तीन वर्षांच्या शिक्षेच्या जागी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आली. स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्यास सौम्य शिक्षेची सवलत होती. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनाशी जोडली. आज हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि २५० ग्रॅमच्या पुढे ‘व्यापारी’ प्रमाण ठरते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आले; त्याच्या मर्यादा २ व ५० ग्रॅम आहेत. हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला. विक्रेत्याने भेसळ जितकी अधिक करावी तितके ग्राहकाच्या खिशातील पुडीचे वजन वाढते, हा त्याचा एक विचित्र परिणाम होय.

मोठ्या साठ्यांवर कारवाई करण्याची पोलिसांची क्षमता निर्विवाद आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षाच्या वरळी पथकाने नालासोपारा येथे सुमारे ७०० किलो एमडी जप्त केले आणि तपासाचा धागा गुजरातमधील अंकलेश्वरपर्यंत नेला. परंतु पोलीस ठाण्यात रोज येणारे प्रकरण साठेदाराचे नसते. ते मोबाईल चोरीचे असते.

येथेच कायद्यातील फट दिसते. एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ म्हणते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालणार नाही; उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ दोषसिद्धीनंतरही न्यायालयाला त्यास उपचारासाठी सोडण्याची मुभा देते. दोन्ही तरतुदी केवळ अमली पदार्थांच्या गुन्ह्यांपुरत्या आहेत. पुडीसह सापडलेल्याला उपचाराचा मार्ग आहे. पुडीसाठी मोबाईल चोरणाऱ्याला या कायद्यात तो नाही. व्यसन ज्याचे अधिक खोलवर गेले आहे, त्यालाच ही सवलत नाकारली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीसाठी समाजसेवेची शिक्षा आहे, पण वस्तू किंवा तिची किंमत परत करण्याची अट आहे. गर्दुल्ल्याने ती वस्तू बहुधा त्याच दिवशी विकलेली असते.

एक जुना कायदा मात्र येथे उपयोगी पडू शकतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार चोरीत दोषी ठरलेल्यालाही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते आणि नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते. त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायाधीशांसमोर यावा लागतो, आणि अहवालात व्यसनाची नोंद असावी लागते. चोरीच्या दोषारोपपत्रात वस्तूची किंमत, पंच आणि जप्ती असते. आरोपी काय ओढतो, किती वर्षे ओढतो, हे लिहिण्यासाठी त्यात रकाना नसतो. भोईवाड्याच्या न्यायालयापासून केईएम रुग्णालयाचा मानसोपचार विभाग फार दूर नाही. आरोपीला तेथवर पाठवण्यासाठी आधी ती नोंद कोणीतरी करावी लागते.