गाडीखालचा गंज : खत-मिठाच्या भाड्यात चेसिस जपा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ट्रकच्या धंद्यावर पोट असणारी कुटुंबे थोडी नाहीत. कोणी एका गाडीचा मालक आहे, कोणी ड्रायव्हर, कोणी गॅरेज चालवतो, कोणी बॉडी बांधतो, कोणी वेल्डिंगवर रोजी कमावतो. या सर्वांना इंजिनाची भाषा कळते. इंजिनात जरा आवाज आला की गाडी मिस्त्रीकडे जाते. चेसिस मात्र आवाज करीत नाही. ती खालून मुकाट्याने खाल्ली जाते, आणि तडा नजरेस पडतो तेव्हा दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या कमाईला हात घालतो. लातूरच्या गंजगोलाईतील 'गंज' म्हणजे बाजार, तेथे कमाई होते. गाडीखालचा गंज ती कमाई परत घेतो. म्हणून या आठवड्यात आम्ही गाडीच्या वरच्या रंगाविषयी नव्हे, तर पोटाविषयी लिहीत आहोत.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील थंड मुलखांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचते. ते वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली हा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. रस्ता मोकळा होतो, पण खारे पाणी उडून गाड्यांचे तळ सडतात. म्हणून तिकडचे गाडीमालक हिवाळाभर गाडीचा तळ वरचेवर धुऊन काढतात. आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा हे संकटही नाही, असे कोणास वाटेल. आमचे म्हणणे असे की मीठ आपल्याकडेही आहे. ते रस्त्यावरून न येता मालातून येते.

मीठ कोणत्या वाटेने येते?

पहिली वाट खताची. पेरणीच्या आधी रेल्वे मालधक्क्यावर खताचे रेक लागतात आणि तेथून ट्रक तालुक्या-तालुक्यांत माल पोचवतात. सगळी खते सारखी नसतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे रसायनाच्या भाषेत पोटॅशियम क्लोराईड, आपल्या खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊच. त्याच्या वजनात निम्म्याच्या जवळपास क्लोराईड असते आणि लोखंडाचा खरा वैरी हाच. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी, तेही लोखंडास बाधते. युरिया लोखंडाला तितका कडक नाही, पण तो ओल धरून ठेवतो, आणि त्यातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. वायरिंगचे टर्मिनल हिरवे पडतात त्यामागे पुष्कळदा हे कारण असते.

दुसरी वाट परतीच्या भाड्याची. नांदेडचा कापूस किंवा लातूरचे सोयाबीन घेऊन मुंबईकडे गेलेली गाडी रिकामी आणणे परवडत नाही. मग कधी मिठाची पोती मिळतात, कधी समुद्रकाठचा ओला माल. बर्फात भरलेल्या मासळीचे खारे पाणी फळ्यांच्या फटींतून थेट चेसिसवर गळते.

तिसरी वाट कातड्याची. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा हा पिढीजात व्यवसाय आहे. बकरी ईदनंतर कातडी मीठ लावून तामिळनाडूतील आंबूर, वाणियंबाडीसारख्या चर्मोद्योगाच्या गावांकडे जातात. कातडे टिकवण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के मीठ लागते. ते मीठ कातड्यातील पाणी ओढून घेते आणि तेच खारट पाणी प्रवासभर खाली ठिबकत राहते.

मृगापर्यंत झोपलेला शत्रू

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. मीठ या कामाला वेग देते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडे मीठ हवेतूनच पाणी ओढते आणि ओले होते. मराठवाड्याचा हिवाळा आणि उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे डिसेंबरात सांडलेले मीठ किंवा मे महिन्यात सांडलेले पोटॅश चेसिसच्या कोपऱ्यात नुसते पडून राहते. मालकाला वाटते, काही बिघडले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो, हवा दमट होते, पाऊस पडतो आणि झोपलेले मीठ जागे होते. त्यावर काळ्या मातीचा चिखल बसला की ती ओल आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

खताचा हंगाम आणि मृगाचा पाऊस आपल्याकडे पाठोपाठ येतात. म्हणून आमचे पहिले सांगणे हेच : वर्षातून एकदाच तळ धुणार असाल तर तो मृगाच्या आधी धुवा. मीठ, मासळी किंवा कातड्याची खेप केली असेल तर मात्र गाडी रिकामी झाली त्याच दिवशी धुवा.

भरताना आणि धुताना

माल झाकण्यासाठी आपण वरून ताडपत्री घालतो. खत-मिठाच्या मालाला खालूनही जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री अंथरावी आणि तिच्या कडा बाजूच्या फळ्यांवर हातभर वर घ्याव्यात. हमालांच्या हुकाने पोती फाटू नयेत याकडे लक्ष द्यावे.

माल उतरल्यावर लगेच पाणी मारू नये. आधी झाडू आणि ब्रशने कोरडा माल काढावा. आधीच पाणी मारले तर खत विरघळून सांध्यांत शिरते. नंतर दाबाच्या पंपाने खालून धुवावे. चेसिसच्या आतल्या बाजू, क्रॉस मेंबर, कमानीच्या पाट्यांचे हँगर, बॅटरी पेटीची बैठक, फाळक्याखालचा भाग आणि चेसिस व हौदा यांच्यामधील लाकडी पट्टी, या जागा मीठ धरून ठेवतात.

पाण्याची अडचण आम्ही जाणतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते लातूर आपण विसरलेलो नाही. पण या कामाला टँकर लागत नाही. दाबाच्या पंपाने दोन-अडीचशे लिटरमध्ये तळ निघतो. बोअरचे पाणी खारे असेल तर धुणे त्यानेच करावे आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. नंतर गाडी उन्हात उभी करावी. ओल्या तळावर काहीही लावू नये.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर आणि वायरिंगचे जोड खाली पुष्कळ असतात. त्यांवर पाण्याचा सरळ फवारा मारू नये. या गाड्यांच्या डीईएफच्या टाकीत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते. ते भरताना सांडले तर तेथल्या तेथे साध्या पाण्याने धुवावे.

काळे ऑईल की रंग?

जळलेले काळे ऑईल डिझेलमध्ये मिसळून तळावर फवारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. स्वस्त आहे, म्हणून चालते. पण वापरलेल्या ऑईलमध्ये इंजिनातील आम्ल उतरलेले असते. ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवते, लायनरवर उडाले तर ब्रेक लागत नाही, आणि त्यावर धूळ चिकटून ओल धरते. हाताच्या कातडीलाही ते घातक आहे. पहिल्या चार पावसांत धुऊन शेतात जाते ते वेगळेच.

योग्य क्रम असा : तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा, धुऊन पूर्ण वाळवावे, चांगल्या प्रायमरचा हात द्यावा, त्यावर वरचा रंग आणि शेवटी डांबरी किंवा मेणाचा अंडरबॉडी कोट. नुसता रेड ऑक्साईड मारून सोडलेली गाडी सुरक्षित समजू नये. तो थर सच्छिद्र असतो, वरचा रंग नसेल तर पाणी आत जातेच. मिठावर किंवा गंजावर डांबर फासले तर गंज आत कोंडून अधिक वाढतो. ब्रेक ड्रम, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, रबरी होज आणि पाणी निघण्याची भोके यांना कोट लावू नये. कमानीच्या पाट्यांना ग्रॅफाईट ग्रीस पुरे. हवेच्या टाकीतील पाणी रोज सोडावे, कारण ती टाकी आतून गंजते.

हातोडी आणि हिशेब

सहा महिन्यांतून एकदा छोट्या हातोडीने चेसिस वाजवून पाहावी. चांगले लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो. म्हणून दोन पत्रे जोडलेल्या जागी फुगवटा दिसला तर आत गंज आहे असे समजावे. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर पत्र्याचे ठिगळ वेल्ड करू नये. तापलेल्या जागेच्या शेजारीच पुढे तडा जातो, आणि असा तडा भरल्या गाडीला घाटात गेला तर नुकसान पैशापुरते राहत नाही. असे काम कंपनीच्या पद्धतीने, जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. फिटनेसच्या वेळीही हाच प्रश्न उभा राहतो. २०१८ च्या बदलानंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढील गाडीला दरवर्षी फिटनेस लागते.

मालकांनी एक हिशेब जरूर करावा. परतीचे मिठाचे भाडे रोख दिसते, गंजाचा खर्च दिसत नाही. तेव्हा भाडे ठरवतानाच अंथरणी, धुणे आणि कोटचा वाटा त्यात धरावा. तितके मिळत नसेल तर त्या भाड्याला नफा म्हणू नये. ज्यांची गाडी हप्त्यावर आहे त्यांनी तर हे अधिकच पाहावे, कारण हप्ते फिटण्याआधी चेसिस गेली तर कर्ज तेवढे उरते.

गॅरेजवाल्या कारागीर बांधवांना यात कामही आहे. देगलूर नाक्यासारख्या ठिकाणी एखाद्याने रॅम्प, दाबाचा पंप आणि कोटची बंदूक घेऊन मे महिन्यात तळ धुण्या-रंगवण्याचे काम नीट सुरू केले तर गिऱ्हाईक येईल. अट एकच. विक्रीच्या गाडीचा गंज रंगाखाली दडवण्यासाठी कोणी बोलावले तर नकार द्यावा. मालातील ऐब ग्राहकाला सांगूनच सौदा करावा, ही आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. येथे तर त्या ऐबावर पुढच्या ड्रायव्हरचा जीव अवलंबून असतो.