कारभार सोडा, माणसं सोडू नका

सरकारी नोकरीतल्या माणसाच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. वय झालं की कचेरीत निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, चार माणसं चांगलं बोलतात. शेतकऱ्याच्या निवृत्तीला ना तारीख, ना समारंभ. ती हळूहळू येते. आधी औत सुटतं, कारण दारात ट्रॅक्टर आलेला असतो. मग उसाची नोंद मुलाच्या नावानं लागते. बँकेचं पासबुक त्याच्या खिशात जातं. पुढं एक दिवस असा येतो की खोडवा ठेवायचा का मोडायचा, हे घरात ठरून जातं आणि म्हाताऱ्याला कुणी विचारीत नाही. कुणाच्या मनात वाईट नसतं. विचारायचं राहून जातं, एवढंच. पण ज्याला विचारायचं राहून गेलं, त्याला त्या रात्री झोप लागत नाही.

म्हणून लागण, खत आणि पाण्याच्या नेहमीच्या विषयांना थोडी बगल देऊन आम्ही आज या विषयावर लिहीत आहोत. आपल्या कारखान्याच्या जुन्या सभासदांपैकी पुष्कळजण आता सत्तरीच्या पुढं आहेत. तेव्हा हा विषय घरोघरचा आहे.

कटकट गेली, माणसंही गेली

शेतकरी कामाच्या निमित्तानंच माणसांत असतो. चिटबॉयला गाठायचं, तोडीची टोळी कधी येणार म्हणून मुकादमाच्या मागं लागायचं, वजनकाट्यावर गाड्यांच्या रांगेत रात्र काढायची, पाण्याच्या पाळीवरून पाटकऱ्याशी हुज्जत घालायची, वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होईपर्यंत ताटकळायचं. ही सारी कटकटच वाटायची. पण त्या कटकटीत दिवसाकाठी दहा-वीस माणसं भेटायची. कारभार पोराकडं गेला तशी कटकट गेली, आणि तिच्यासोबत ती माणसंही गेली.

त्यात आपल्या भागात आखाड्याची रीत. नातवंडं शिकायला नांदेडला नाहीतर हिंगोलीला, पोरगा-सून गावात, आणि म्हातारा राखणीला शेतातल्या आखाड्यावर. विचारलं तर म्हणतो, "मला इथंच बरं वाटायलंय." बरं वाटत असेलही. पण डबा घेऊन येणाऱ्या पोराशिवाय चार-चार दिवस दुसऱ्या माणसाशी बोलणं नसेल, तर ते बरं नव्हे.

म्हाताऱ्या बाईचं दुखणं आणखी वेगळं. तिला कामातून सुट्टी नाही, पण जोडीदार गेला की हळदीकुंकवातून, ओटी भरण्यातून तिला बाजूला सारलं जातं. म्हणजे जिथं बायका एकत्र जमतात तिथूनच तिला उठवलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं कळवलं. अशा ठरावाला पैसा लागत नाही. आपल्या गावांनीही तो करावा.

एकटेपणा अंगावर निघतो

"एकटं राहिल्यानं काय माणूस मरतो का?" असं कुणी विचारील. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून ३ लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. ज्यांची माणसांशी घट्ट नाती होती, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२५ मध्ये अहवाल काढला. जगात दर ६ माणसांत एकजण एकटेपणानं ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा त्यात अंदाज आहे.

स्मृतिभ्रंश म्हणजे विसरभोळेपणाचा मोठा आजार. तो लांबवता येण्याजोगी १४ कारणं डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीनं २०२४ साली सांगितली. त्यांत माणसांपासून तुटणं हे एक आहेच, पण ऐकू न येणं आणि नजर कमी होऊनही इलाज न करणं हीसुद्धा आहेत. हे ध्यानात घेण्यासारखं आहे. ऐकू येईना की माणूस पारावर जाणं टाळतो. काही विचारलं की भलतंच उत्तर जातं, पोरं हसतात, म्हणून तो घरीच बसतो. आपण म्हणतो, म्हातारा तुसडा झाला. तुसडा नाही झाला, त्याला ऐकू येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि कानाची तपासणी हा वायफळ खर्च समजू नये.

नर्सीचं उदाहरण

दूर जायला नको. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपलं नर्सी नामदेव ओळखलं जातं, आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला, असं परंपरा सांगते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० मानतात, म्हणजे आयुष्य ८० वर्षांचं. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. जिवाभावाचा सोबती गेला, पण नामदेव कोपरा धरून बसले नाहीत. परंपरेनुसार ते उत्तरेकडं निघाले आणि उतारवयाची बरीच वर्षं पंजाबात राहिले. घुमान हे तिथलं गाव आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं होतं. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. परक्या मुलुखात, परक्या भाषेत, उतारवयात नवी माणसं जोडणारा हा आपल्या मातीतला माणूस. आपल्याला पंजाबात जायचं नाही. शेजारच्या गल्लीत गेलं तरी पुष्कळ झालं.

करण्यासारखं काय आहे?

पहिलं, रोज घराबाहेर पडायचं. वयस्क माणसानंही आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा, असं आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं. तोल सांभाळण्याचा सरावही सांगितला आहे, कारण या वयात पडणं फार महागात जातं. एकट्यानं चालण्यापेक्षा जोडीनं चालावं. सोबती येणार असला की पायही आपोआप निघतात.

दुसरं, ठरलेल्या दिवसाचं एक बसणं धरून ठेवायचं. एकादशीचं भजन असो, सप्ताह असो, वाचनालय असो, नाहीतर मारुतीच्या पाराची बैठक असो. मुद्दा असा की आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारलं पाहिजे, "आज अण्णा का नाही आले?" राज्यभरच्या ज्येष्ठ नागरिक संघांचा फेस्कॉम हा महासंघ १९८० पासून काम करतो आहे. गावात संघ काढायचा तर आधी इमारत लागत नाही. दहा माणसं, एक सतरंजी आणि आठवड्याचा ठरलेला वार एवढ्यावर सुरुवात होते. बायकांचं बसणं वेगळं हवं असेल तर वेगळं करावं, पण ते व्हावं.

तिसरं, काहीतरी काम अंगावर घ्यावं. अंगमेहनतीचं नव्हे, जबाबदारीचं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्याला आल्यावर कोणत्या रानात काय पिकलं आणि कोणतं रान पाण्यानं चोपण झालं हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं आज गावात आहेत. पावसाची रोजची नोंद वहीत ठेवणं, बेणेमळ्यावर नजर ठेवणं, शाळेतल्या पोरांना जुन्या विहिरी-ओढ्यांची माहिती सांगणं, नव्या सभासदाला उसाची पावती कशी वाचायची ते समजावणं, ही कामं त्यांच्याइतकी चांगली दुसऱ्याला जमणार नाहीत.

आता दोन शब्द तरुण सभासदांना

बाबांनो, वडिलांचा सल्ला मानाच असं आम्ही म्हणत नाही. को-८६०३२ ची लागण पाच फुटी सरीत ठिबकवर कशी करायची हे तुम्हांला जास्त कळतं. पण विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. वार्षिक सभेला येताना गाडीवर मागं बसवून त्यांना घेऊन या. शेअर तुमच्या नावावर झाला असेल, तरी सभेच्या मांडवाबाहेर त्यांचे जुने सोबती भेटतात, ते काय कमी आहे?

आणि वडीलधाऱ्यांनाही एक व्यवहाराची गोष्ट. माया करा, पण कागद नीट करा. बक्षीसपत्रानं जमीन देताना "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" असं स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, ती अट मोडली तर न्यायाधिकरण हस्तांतर रद्द करू शकतं. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडं असतं. अट लिहिल्यानं नातं तुटत नाही, उलट दोन्हीकडचं मन निर्धास्त राहतं.

सवलतींचा उपयोग माणसं भेटायला करा

एसटीत ६५ वर्षांपुढं अर्धं तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. ती सवलत नुसती दवाखान्याच्या वाऱ्यांसाठी ठेवू नका. बहिणीकडं जा, व्याह्यांकडं जा, औंढ्याला जा, हिंगोलीचा दसरा बघायला जा. ७० वर्षांपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उपचारांचं संरक्षण आहे, त्याचं कार्ड काढून ठेवा. आणि मन फारच जड झालं, घरात कुणी छळत असलं, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे. नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवा.

सभासद बंधू-भगिनींनो, आपला कारखाना एकेकट्याच्या बळावर उभा राहिलेला नाही. एकट्याच्या उसाला गुऱ्हाळ पुरतं, कारखान्याला गाव लागतं. तरुणपणी आपण ऊस एकत्र आणला, आता म्हातारपणही एकत्र आणायला हरकत काय? खोडव्याची निगा नीट राखली तर तोही चांगला उतारा देतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या हंगामात गावात निदान एक बैठक सुरू व्हावी आणि तिचा वार सगळ्यांच्या तोंडी व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.