यूटीएफ-८ व्हॅलिडेटर : सी भाषेत, साधा आणि वेगवान

आजचा विषय लहान आहे, पण रोजच्या कामातला आहे. फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आलेले बाइट खरोखर नीट यूटीएफ-८ आहेत का, हे तपासणारं एक फंक्शन आपण सी भाषेत लिहिणार आहोत. ते साधं हवं, म्हणजे सहा महिन्यांनी उघडलं तरी कळावं. आणि वेगवान हवं, कारण आत येणाऱ्या प्रत्येक बाइटला ते हात लावणार आहे. शेजारी एडिटर उघडा ठेवा. मी पायऱ्या सांगत जातो, ओळी तुम्ही लिहा. सगळे आकडे दशमान पद्धतीत देतो.

तपासायचं कशासाठी?

‘कुलकर्णी’ हे आडनाव घ्या. युनिकोडच्या हिशेबात यात ८ चिन्हं आहेत: क, उकार, ल, क, र, हलन्त, ण आणि दीर्घ वेलांटी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे झाले २४ बाइट. आता कुणीतरी आडनावासाठी २० बाइटची जागा ठेवली आहे आणि उरलेलं सरळ कापून टाकलं आहे. ६ चिन्हांचे १८ बाइट बसले आणि ‘ण’चे पहिले २ बाइट मागे लोंबकळत राहिले. पडद्यावर ‘कुलकर्’ आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. हीच नोंद पुढे पोस्टग्रेसमध्ये भरायला गेलात, तर तो डेटाबेस ती ओळ नाकारतो. इंग्रजी नावं कापली तर फक्त अपुरी दिसतात. आपली नावं कापली की मजकूरच अवैध होऊ शकतो.

दुसरा धोका मुद्दाम बिघडवलेल्या मजकुराचा. तिरकी रेघ, म्हणजे फाइलच्या पत्त्यातला स्लॅश, हा ४७ क्रमांकाचा एकच बाइट. पण यूटीएफ-८ चे बिट ताणून तोच ४७ हा आकडा १९२ आणि १७५ अशा दोन बाइटांतही लिहिता येतो. असं लिहिणं अवैध आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये मात्र २००० साली हीच फट सापडली. सुरक्षेची तपासणी साधा स्लॅश शोधत होती. ताणलेला स्लॅश तिच्यासमोरून निघून गेला आणि नंतर उलगडला गेला. पत्त्यात असे स्लॅश घालून सर्व्हरवरच्या भलत्याच फोल्डरपर्यंत पोहोचता येत होतं. २००१ च्या सप्टेंबरमध्ये पसरलेल्या निमडा वर्मने इतर वाटांबरोबर हीही वाट वापरली.

म्हणून नियम एकच: मजकूर प्रोग्रामच्या उंबरठ्यावर एकदा तपासायचा, आणि मगच आत घ्यायचा.

यूटीएफ-८ चे नियम

केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ही पद्धत आखली. न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा झाला. तेव्हा तिच्यात ६ बाइटपर्यंतची चिन्हं बसत होती. २००३ मध्ये मर्यादा ४ बाइटवर आणली गेली. आज लागू असलेले नियम असे:

पहिला बाइट ० ते १२७ असेल, तर तेच पूर्ण चिन्ह. हे आस्की.

पहिला बाइट १९४ ते २२३ असेल, तर मागे १ बाइट यायला हवा.

पहिला बाइट २२४ ते २३९ असेल, तर मागे २ बाइट.

पहिला बाइट २४० ते २४४ असेल, तर मागे ३ बाइट.

मागून येणारा प्रत्येक बाइट १२८ ते १९१ मधला हवा.

याशिवाय चार अपवाद आहेत आणि चारही फक्त दुसऱ्या बाइटपुरते आहेत. २२४ नंतरचा बाइट १६० पेक्षा कमी चालत नाही, आणि २४० नंतरचा १४४ पेक्षा कमी चालत नाही. या दोन अटी ताणलेलं लिखाण अडवतात. २३७ नंतरचा बाइट १५९ च्या वर जाऊ शकत नाही, कारण तिथे यूटीएफ-१६ साठी राखून ठेवलेले २०४८ आकडे आहेत. २४४ नंतरचा १४३ च्या वर जाऊ शकत नाही, कारण तिथे युनिकोड संपतं.

१९२, १९३ आणि २४५ ते २५५ हे बाइट शुद्ध यूटीएफ-८ मध्ये कुठेच येत नाहीत. आणि १२८ ते १९१ मधला बाइट चिन्हाच्या सुरुवातीला दिसला, तर तीही चूक.

फंक्शन

फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या: मजकुराचा पॉइंटर आणि लांबी. लांबी बाहेरूनच घ्या. शून्य सापडेपर्यंत मोजत जाऊ नका, कारण शून्य हासुद्धा यूटीएफ-८ मध्ये वैध बाइट आहे. परत काय द्यायचं? नुसतं हो-नाही देण्यापेक्षा, शुद्ध मजकूर जिथपर्यंत आहे तो आकडा द्या. तो लांबीइतका आला तर सगळं ठीक. कमी आला तर चूक कुठे आहे तेही कळलं.

पॉइंटरचा प्रकार अनसाइन्ड कॅर ठेवा. हे विसरलं तर मोठा घोळ होतो. नुसता कॅर कित्येक कंपायलरमध्ये चिन्हासहित असतो, मग २२४ चा बाइट उणे ३२ म्हणून वाचला जातो. उणे ३२ हा १२८ पेक्षा लहान, म्हणजे तुमच्या फंक्शनला सगळी मराठी आस्की वाटते आणि ते सगळ्यालाच ‘शुद्ध’ म्हणतं. शिवाय इंटेलच्या लॅपटॉपवर एक उत्तर आणि एआरएमच्या बोर्डावर दुसरं, असंही घडू शकतं.

आता लूप. प्रत्येक फेरीत पहिला बाइट पाहायचा. तो १२८ पेक्षा लहान असेल तर एक पाऊल पुढे. नसेल तर तीन व्हेरिएबल ठरवायचे: मागे किती बाइट हवेत, दुसऱ्या बाइटची खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. मर्यादा सुरुवातीला १२८ आणि १९१ धरायच्या. पहिला बाइट २२४ असेल तर खालची १६० करायची. २४० असेल तर खालची १४४. २३७ असेल तर वरची १५९. २४४ असेल तर वरची १४३. चारही अपवाद इथेच मिटले.

मग तेवढे बाइट शिल्लक आहेत का ते पाहायचं. इथे उरलेली संख्या मोजा; पॉइंटर शेवटाच्या पलीकडे नेऊन तुलना करू नका, सी मध्ये त्याला काहीच हमी नाही. शिल्लक असतील तर दुसरा बाइट त्या दोन मर्यादांत तपासा. तिसरा-चौथा तपासायला एक मास्क पुरतो: बाइटला १९२ ने अँड केल्यावर १२८ उरलं पाहिजे. कुठेही अट मोडली की त्या चिन्हाची सुरुवात कितव्या बाइटवर होती, तो आकडा परत करा.

एवढंच. तीसेक ओळींत बसतं आणि बरोबर चालतं.

वेग कुठून येतो?

पहिली युक्ती प्रसिद्ध आहे. आठ बाइट एकदम एका ६४ बिटांच्या संख्येत घ्यायचे. ते मेमसीपीवायने घ्या, पॉइंटरचं कास्टिंग करून नको. कंपायलर त्याची एकच सूचना बनवतो. मग आठ वेळा शेजारी-शेजारी १२८ असलेल्या मास्कने अँड करायचं. शून्य आलं, तर आठही बाइट आस्की. आठ पावलं पुढे.

इंग्रजी मजकुराला याचा भरपूर फायदा होतो. पण आपला मजकूर कसा दिसतो ते पाहा. ‘मराठी’ या शब्दात ५ चिन्हं, १५ बाइट, आणि मग एक मोकळी जागा. सलग आठ आस्की बाइट निव्वळ मराठी परिच्छेदात क्वचितच सापडतात. प्रत्येक चिन्हानंतर ही आठाची तपासणी केली, तर ती जवळजवळ दर वेळी वाया जाते. म्हणून ती फक्त समोरचा बाइट आस्की असेल तेव्हाच करा. वेबपेजमध्ये टॅग भरपूर असतात, तिथे ती मराठी पानावरही उपयोगी पडते.

मग मराठीला वेग कसा द्यायचा? देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१. त्यातलं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. आणि हे फक्त देवनागरीचं नाही. दुसऱ्या बाइटमध्ये दोन-दोन मिळवत जा: बंगाली १६६-१६७, गुरुमुखी १६८-१६९, गुजराती १७०-१७१, ओडिया १७२-१७३, तमिळ १७४-१७५, तेलुगू १७६-१७७, कन्नड १७८-१७९, मल्याळम १८०-१८१. तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात असा की हैदराबादेत, तुमच्या फाइलमधली मराठी आणि शेजारची भाषा दोन्ही २२४ च्याच दारातून येतात. उर्दूची अक्षरं दोन बाइटांची आणि संथाळीची ओल चिकी २२५ ने सुरू होते, ती वेगळी.

म्हणजे नियमांच्या यादीत जो ‘अपवाद’ म्हणून शेवटी लिहिला जातो, तोच आपल्याकडचा नेहमीचा रस्ता आहे. म्हणून त्याला वर आणा. लूपच्या सुरुवातीलाच विचारा: पहिला बाइट २२४ आहे का आणि निदान तीन बाइट शिल्लक आहेत का? असतील तर दुसऱ्या बाइटला २२४ ने अँड करून १६० येतं का पाहा. १६० ते १९१ या सगळ्या आकड्यांचे वरचे तीन बिट १०१ असतात, त्यामुळे दोन तुलनांचं काम एका मास्कमध्ये होतं. तिसऱ्याला नेहमीचा १९२ चा मास्क. दोन्ही जमले की तीन पावलं पुढे आणि पुन्हा तोच प्रश्न.

हे वेगवान का? प्रोसेसर पुढची वाट आधीच ओळखून काम सुरू करतो. अंदाज चुकला तर केलेलं टाकून मागे यावं लागतं. मराठी मजकुरात २२४, २२४, २२४ असं सलग येत राहतं, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

याच्याही पुढे जाता येतं. जॉन कायझर आणि डॅनियल लेमिर यांनी २०२१ मध्ये छापलेल्या पद्धतीत एकाच वेळी बाइटांचा अख्खा गठ्ठा तपासला जातो आणि दर बाइटमागे एकापेक्षाही कमी सूचना लागते. प्रचंड डेटा असेल तर तीच वापरा. पण ती प्रोसेसरच्या खास सूचनांवर उभी आहे. आपलं फंक्शन कुठल्याही कंपायलरवर, लहानशा बोर्डावरही चालतं. कोणतं पुरेसं आहे हे तुमच्याच फाइलवर, ऑप्टिमायझेशन चालू ठेवून, अनेकदा चालवून मोजा. इंग्रजी फाइलवर मोजलेला वेग मराठीबद्दल काही सांगत नाही.

मोठी फाइल

फाइल ६५,५३६ बाइटच्या तुकड्यांत वाचत असाल, तर लक्षात घ्या: या आकड्याला ३ ने भागलं की १ उरतो. सलग देवनागरी असेल तर पहिल्याच तुकड्याच्या टोकाला चिन्ह तुटणार. ही मजकुराची चूक नाही. आपण परत करत असलेला आकडा इथे कामी येतो: शेवटचे ३ किंवा कमी बाइट तपासायचे राहिले असतील, तर ते उचलून पुढच्या तुकड्याच्या आरंभी ठेवा. फाइल संपल्यावरही काही उरलं, तर मात्र मजकूर अवैध.

चाचणी

दोन-चार वाक्यं देऊन ‘चालतं’ म्हणू नका. काठावरचे आकडे द्या. २३७, १५९, १९१ पास. २३७, १६०, १२८ नापास. २४४, १४३, १९१, १९१ पास. २४४, १४४, १२८, १२८ नापास. २२४, १५९, १९१ नापास. २२४, १६४ एवढंच दिलं तर नापास. मोडी लिपीचंही एक चिन्ह द्या: मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, तिचा पट्टा ४ बाइटांचा, आरंभ २४०, १४५, १५२, १२८. २४० नंतरच्या १४४ या मर्यादेला ती अगदी खेटून आहे.

आणि मग सगळेच पर्याय तपासा. तीन बाइटच्या १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. त्यातल्या नेमक्या २६,५०,११२ शुद्ध ठरल्या पाहिजेत. चार बाइटच्या ४,२९,४९,६७,२९६ जुळण्यांपैकी ३८,३२,७०,९१२. एक कमी नाही, एक जास्त नाही. हे दोन आकडे जुळले, तर सगळे नियम बरोबर बसले असं समजा.

हे फंक्शन काय सांगत नाही

ते फक्त बाइटांची रचना तपासतं. वाक्याच्या आरंभी एकटी वेलांटी आली तरी ती शुद्धच. जुन्या डीटीपी फॉन्टमधली मराठी, जिथे आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून फॉन्ट मराठी दाखवतो, तीही शुद्ध ठरू शकते. चुकीच्या पद्धतीने वाचून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठवलेला मजकूर माणसाला अगम्य, पण व्हॅलिडेटरला मान्य. पोस्टाच्या पाकिटावर पिनकोड सहा आकड्यांचा आहे का, एवढं पाहण्यासारखं हे काम आहे. पत्ता खरा आहे का, ते वेगळं.

आजचा गृहपाठ: आधी साधं फंक्शन लिहा, ते दोन आकडे जुळवा, आणि त्यानंतरच २२४ चा रस्ता वर आणा. मग आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या फाइलवर दोन्ही मोजा आणि किती फरक पडला ते कमेंटमध्ये लिहा.