मस्तकाच्या आतील शोध
कवटी न उघडता मेंदूतील अर्बुदाचा ठावठिकाणा लावणे वैद्यकाला दीर्घकाळ दुष्कर होते. १८८४ साली लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी जे अर्बुद काढले ते निव्वळ लक्षणांवरून बांधलेल्या अदमासाने, आणि पुढे कित्येक दशके रुग्णाच्या मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून, त्याला असह्य शिरोवेदना देऊन, क्ष-किरणांची छायाचित्रे घेण्याची तजवीज करावी लागे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूतील विकृती प्रत्यक्ष दाखवली, आणि त्या यातनांतून रुग्णांची सुटका होऊ लागली. माझ्या मते ही करुणेचीच कामगिरी होय. आता एमआरआय आहे, गाठीच्या जनुकांची परीक्षाही आहे. तथापि ग्लायोब्लास्टोमा हे उग्र अर्बुद शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड हे औषध यांनंतरही बहुधा उलटते.