वाकळीचा हिशेब

ज्याला शहरात हल्ली 'अपसायकलिंग' म्हणतात, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पोतेरे. त्यामुळे कळंब तालुक्यातील एका महिला बचत गटाने जुन्या कपड्यांच्या पिशव्या करण्याच्या कार्यशाळेत मला शिकवायला बोलावले, तेव्हा यांना आपण काय शिकवणार, हा प्रश्नच होता. शिवणकामाला गावातलीच एक शिवणारी बाई होती. हयात बँकेत गेल्याने माझ्या वाट्याला हिशेबाचा तास आला. असले वर्ग मी पूर्वी कधी घेतले नव्हते.

जमलेला ढीग पाहण्यासारखा होता. जिल्हा कापसाचा. इथला कापूस मुंबई बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरला धाडण्यासाठी इंग्रजी कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वे टाकली. १९९६ साली यवतमाळात रेमंडचा डेनिमचा कारखाना आला. आणि ढिगात सुती लुगडे एकही नाही! साऱ्या सिंथेटिक साड्या. अंगाखाली निसटणाऱ्या, घाम न टिपणाऱ्या. "याची वाकय नाही होत, साहेब," एक आजी म्हणाल्या. अखेर पोरांच्या फाटक्या जीन्सच कामी आल्या. मशीनला १६ नंबरची सुई लावावी लागली, एवढेच.

पहिली पिशवी झाली. किंमत विचारली.

"३० रुपये."

चेन आणि दोरा २०, वर १० नफा. जीन्स जुनी, अस्तर जुन्या साडीचे, म्हणून फुकट. आणि शिवायला गेलेले तीन तास?

"ते तं घरचंच काम."

हीच बाई दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावर उभी राहून वेचणीच्या दरासाठी किलोमागे रुपयाभराकरिता अडून बसते! १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून मी असंख्य अर्ज पाहिले. कच्चा माल, यंत्र, भांडवल सारे भरलेले. घरच्या मजुरीचा आकडा क्वचितच.

तीन तास वेचले तर किती पडतात, असे विचारले. ९० रुपये, त्यांनीच सांगितले. मी ते फळ्यावर चेन-दोऱ्याखाली मांडले. बेरीज ११०, नफा धरून १२०. वर्गात एकदम गलका झाला. एवढ्याला कोण घेईल, असे अर्ध्याजणी म्हणत होत्या, आणि त्यांचे चूक नव्हते. बाकीच्या म्हणाल्या, नाही घेतली तर राहू द्या, फुकट राबायचं कशाला. तासभर वाद झाला. मी मध्ये पडलो नाही.

दिवसअखेर बारा पिशव्या झाल्या. यवतमाळला बचत गटांचे प्रदर्शन भरेल तेव्हा त्या १२० ला मांडायच्या, घासाघीस झाली तरी ११० च्या खाली द्यायची नाही, असा ठराव गटाच्या वहीत सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहिला गेला.