थंड इंजिनाची साक्ष

डिसेंबरच्या अखेरीस नगरजवळच्या भिंगारमध्ये पहाटे पाचला घराबाहेर पाऊल टाकलं की आधी नाकाचा शेंडा बधिर होतो. कॅम्पातल्या मोकळ्या मैदानांवर आणि जुन्या झाडांच्या रांगांखाली गारठा शहरापेक्षा जास्त साचतो. पारा दहाच्या खाली घसरलेला असतो. दूधवाल्यांची फेरी सुरू होते, जवान पी.टी.ला निघतात, आणि एखाद्या दारात बुलेटला किक बसल्याचा आवाज येतो. पहिली किक कोरडी जाते, दुसरीला इंजिन नुसतं हुंकारतं आणि तिसरीला तो जड, संथ ठोका लागतो.

मिलिटरीतून निघालेली जुनी बुलेट घ्यायची असेल, तर ती अशाच वेळी ऐकावी. दुपारी दोन वाजता, विकणाऱ्याने आधीच दोनदा फिरवून तापवलेली गाडी कुणालाही आवडते. तापलेल्या इंजिनात सैल झालेले भाग फुगून जागेवर बसतात, तेल पातळ होतं, किक हलकी लागते. थंडीत यातलं काहीच झाकलं जात नाही. म्हणून हिवाळ्यात चालवायची गाडी हिवाळ्यातच, थंड असतानाच पारखावी.

भिंगारला लष्कर नवं नाही. दख्खनच्या मोहिमेत अडकलेला औरंगजेब १७०७ मध्ये इथल्याच छावणीत वारला. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे इंग्रजांची छावणी इथे रुजली. १९४८ पासून रणगाडा दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा, म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, नगरला आहे. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्रही इथेच आहे. लष्करी वाहनांची रचना आणि चाचणी करणारी व्हीआरडीई ही संस्थाही नगरचीच. खारे-कर्जुने रेंजवर सराव चालू असला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून पॅटन रणगाड्यापर्यंतची यंत्रं उभी आहेत. अशा गावात यंत्राची किंमत रंगावरून ठरत नाही. ते किती वर्षं कामाला आलं, हे लोक आधी विचारतात.

सैन्याची बुलेट

स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी सैन्याला भरवशाची मोटरसायकल हवी होती. निवड इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड बुलेटवर पडली आणि ८०० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. त्यातूनच १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात आधी सुटे भाग जोडून आणि पुढे सगळे भाग इथेच बनवून बुलेट तयार होऊ लागली. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची बुलेट चालू राहिली. सिग्नल कोअरच्या 'डेअर डेव्हिल्स' पथकाने याच गाडीवर मनोरे रचले. डिस्पॅच रायडरने टपाल पोचवलं तेही हिच्यावरूनच.

जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या साडेतीनशे बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद असतो आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटरचा. एकूण ३४६ घनसेंटिमीटर. ताकद साधारण १८ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या मानाने बेताचीच. पण पिस्टनचा प्रवास लांब आणि फ्लायव्हील जड, त्यामुळे कमी वेगातही जोर टिकतो. धुक्यात चाळीसच्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये एकसारखं जायचं असेल, तर हा स्वभाव उपयोगी पडतो.

सैन्यातली गाडी एका माणसाची नसते. आज एकाच्या हाती, उद्या दुसऱ्याच्या. कुणी क्लच सांभाळून सोडतो, कुणी नवशिका झटक्याने सोडतो. उलट बाजूला, तेलपाणी वेळापत्रकानुसार होतं, त्याची लॉगबुकात नोंद राहते आणि दुरुस्तीला ईएमई या लष्कराच्या दुरुस्ती दलाचे कारागीर असतात. त्यामुळे अशा गाडीत दुर्लक्षाने झालेली हानी कमी आणि वापराने झालेली झीज जास्त सापडते. झीज मोजता येते, आणि तिचा खर्च आधी काढून सौदा करता येतो.

आधी कागद, मग किक

कंडम ठरलेल्या लष्करी गाड्या लिलावात निघतात. व्यापारी त्या लॉटने उचलतात, दुरुस्त करतात आणि एकेक करून विकतात. सैन्यात असताना गाडीच्या क्रमांकाला वर टोक केलेला बाण असतो. तो क्रमांक रस्त्यावर चालत नाही. मोटार वाहन नियमांनुसार माजी लष्करी गाडीची नोंदणी करायला संबंधित अधिकाऱ्याचं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, लागतं. त्यावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या अंकांशी स्वतः बोट लावून ताडून पाहावा. सैन्यातल्या मोठ्या दुरुस्तीत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून इंजिनाचा क्रमांक मुद्दाम तपासावा.

१ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही आणि त्यांची वाट भंगार केंद्राकडे जाते. त्यामुळे 'नुकतीच लिलावातून आणलीय, कागद मागून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथेच उठावं. पूर्वीच एमएच-१६ किंवा दुसऱ्या एखाद्या क्रमांकावर रीतसर चढलेली गाडीच घ्यावी. तिच्या १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची मुदत आणि हरित कराची पावतीही पाहून घ्यावी.

रंगाबद्दलही स्पष्ट राहावं. अनेकांना मिलिटरीची गाडी हवी असते ती त्या गडद हिरव्या रंगासाठी. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे सैन्यातून खरोखर आलेली गाडी आज रस्त्यावर काळी, राखाडी, तपकिरी अशा कुठल्याही रंगात असेल, हिरवी मात्र नसेल. हिरवा रंग मारून 'मिलिटरीची आहे' म्हणून दाखवलेल्या गाडीच्या कागदांवर दुप्पट लक्ष द्यावं. जाड रंगाखाली वेल्डिंगही लपतं, म्हणून हँडलच्या मुळाशी चासीचा सांधा बॅटरीच्या उजेडात पाहावा.

पहाटेची तपासणी

गाडीजवळ गेल्यावर आधी सिलिंडरवर तळहात ठेवावा. सिलिंडर विहिरीच्या कठड्यासारखा गार लागला पाहिजे. मग चावी बंद ठेवून, क्लच दाबून दोन-तीन किका माराव्यात. रात्रभराच्या गारठ्याने क्लचप्लेट एकमेकींना चिकटतात, त्या सुटतात. आता पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, चावी फिरवा. किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येतो कुठे ते पाहा. तिथे पॉइंट उघडलेले असतात आणि पिस्टन वर आलेला असतो. डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढे ढकला, किक वर घ्या आणि मग पूर्ण मारा. नीट टायमिंग असलेली गाडी तीन-चार किकांत सुरू होते. किक उलटी आपटली, तर टायमिंग पुढे आहे.

सुरू झाल्यावर ऐकायचं. वरून येणारा हलका टकटक टॅपेटचा, तो लावता येतो. बुलेटचे पुशरॉड इंजिन पूर्ण थंड असतानाच लावतात. बोटांनी सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. खालून, क्रँककेसमधून जड ठोका आला तर मात्र सावध. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगमध्ये तरंगता बुश असतो. तो तेलाच्या दाबावर जगतो. बुश गेला तर क्रँक उघडावी लागते, आणि तो खर्च गाडीच्या किमतीत धरायलाच हवा. सुरुवातीला क्षणभर धूर आला तर घाबरू नये. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत तेल क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. धूर दोन मिनिटांनीही थांबला नाही, तर पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्ह-गाइड गेलेली समजावी.

टायर १९ इंचाचे असतात. त्यांच्या कडेला आठवडा आणि साल सांगणारे चार अंक छापलेले असतात. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं आणि गार डांबरावर सुटतं. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली नसावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर खातं, म्हणून गाडी घेतल्याबरोबर ते बदलावेत.

आपला हिवाळा

नगर जिल्ह्याच्या हिवाळ्यात बर्फ नसतो, पण हा उसाचा हंगाम असतो. पहाटे धुक्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो आणि ऊस कडेने बाहेर आलेला असतो. जुन्या बुलेटचा पिवळट दिवा इंजिन हळू पडलं की अजून मंदावतो. त्यामुळे १२ व्होल्टची वायरिंग आणि चांगला हॅलोजन यांवर पैसे घालावेत. क्रोमच्या सजावटीवर घालू नयेत. मागे लाल रिफ्लेक्टर आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच.

सराव हा या गाडीचा दुसरा ब्रेक आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. टाचेने दाबायचा न्यूट्रल शोधक वेगळा. आजच्या गाडीची सवय असलेला माणूस अचानक ट्रॉली दिसल्यावर उजवा पाय दाबतो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. म्हणून घाटात जाण्याआधी भिंगारच्या रिकाम्या रस्त्यांवर पंधरा दिवस सराव करावा. मग पाथर्डी रस्त्याने करंजी घाट किंवा आळेफाट्यावरून माळशेज. कानटोपीवर हेल्मेट, जाड हातमोजे आणि छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी. वारा अडवायला तेवढी पुरते.

या सगळ्यात एक प्रश्न सौद्याच्या आदल्या संध्याकाळी विचारायचा आहे. विकणाऱ्याला सांगावं, 'उद्या सकाळी सहाला येतो. तोवर गाडीला हात लावू नका.' ज्याची गाडी चांगली आहे तो म्हणेल, 'या, चहा ठेवतो.' ज्याला आधी तापवायची आहे तो दुपारची वेळ सुचवेल. बाकीची तपासणी पहाटे करायचीच, पण निम्मं उत्तर संध्याकाळीच मिळालेलं असेल.